म्हाळूने बाई मोजल्या

एका गावच्या शाळेत एक भोळा शिपाई होता. नाव म्हाळू. सांगाल ते काम तो अगदी मनापासून करायचा. शाळेची खरी पंचाईत तीच होती.

पहिलीत साठ पोरं आणि शिकवायला एकट्या कानडे बाई. ओरडून ओरडून बाईंचा घसा पार बसला. मग त्या फळ्यावर लिहून सूचना द्यायला लागल्या, पण पहिलीची पोरं वाचणार काय, कपाळ!

अशात सरकारी पत्र आलं. लहान मुलांच्या एका वर्गात तीसच मुलं बसवा. त्यासाठी तुम्हाला आणखी एक बाई देत आहोत. शनिवारी बारापर्यंत त्या हजर झाल्या नाहीत, तर दुसऱ्या शाळेला देऊ. कानडे बाईंना आनंदानं रडूच आलं.

मुख्याध्यापक दिघे गुरुजी म्हणाले, "म्हाळू, आतापासूनच सवय लावू. दारात उभा राहा. तीस झाले की एकालाही आत सोडू नको. बाकीचे ओसरीवर."

म्हाळूनं तीस पोरं मोजून आत सोडली. मागून बाई आल्या.

"एकतीस," म्हाळू म्हणाला. "ओसरीवर बसा."

आत पोरांनी असा धुडगूस घातला की दोन कौलं खाली आली.

"अरे शहाण्या," गुरुजी म्हणाले, "मोठ्या माणसांना आधी सोडायचं, मग पोरांना!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी म्हाळूनं मोठी माणसं आधी सोडली. कानडे बाई, पोरांना पोचवायला आलेल्या आया, दोन आजोबा, किटलीसकट दूधवाला. पालकसभा असेल म्हणून सगळे निमूट सतरंजीवर बसले. तीस भरले तशी म्हाळूनं कडी लावली. साठ पोरं बाहेर चिंचा पाडत राहिली. दूधवाल्यानं तेवढ्यात 'क' गिरवून घेतला. बरा आला होता म्हणे.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अरे, आहेत त्या माणसांत काम भागत असेल, तर वरचं माणूस आत घ्यायचं नाही. गोड बोलून परत पाठवायचं!"

"बरं."

शनिवार उजाडला. कानडे बाईंनी दाराला तोरण बांधलं. गुरुजी घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, बाराचे टोल पडले.

"म्हाळू, नव्या बाई दिसल्या का रे?"

"दिसल्या की! दहालाच फाटकावर आल्या होत्या. म्हटलं, काय काम? म्हणाल्या, पहिलीवर बाई म्हणून आलेय. आपल्याकडे एक बाई आहेतच. म्हणजे या वरच्या."

"मग?"

"गोड बोललो. चिंचा दिल्या. एसटी सुटत होती, ती हात करून थांबवली आणि खिडकीजवळ बसवून दिलं."

गुरुजी मटकन खाली बसले. आणि कानडे बाईंचा महिनाभर बसलेला घसा त्याच क्षणी मोकळा झाला.

"म्हाळूऽऽऽ!"

साठच्या साठ पोरं चिडीचूप.

म्हाळू खूश होऊन म्हणाला, "बघा गुरुजी! भागतंय की एका बाईत!"