भरतीची वेळ आणि दिव्याची वेळ

एका खाडीच्या काठी भिवा नावाचा एक तारी राहत असे. माणसांना होडीतून पैलतीरी नेणे हा त्याचा धंदा. त्याचा सारा दिवस भरती-ओहोटीवर चाले. "भरती एक वेळ चुकेल, भिवा चुकणार नाही," असे लोक म्हणत, आणि भिवाला ते ऐकायला फार आवडे.

एके दिवशी भर उजेडात त्याची होडी पाण्यात उजवीकडे रोवलेल्या खुंटावर आदळली. खुंट त्याला दिसलाच नव्हता. बाजाराला निघालेल्या बायका किंचाळल्या, एकीची आंब्यांची पाटी पाण्यात गेली. तालुक्याच्या डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितले, "काचबिंदू आहे. दुखत नाही, खुपत नाही, पण नजर कडेकडेने खात जातो. रोज एकाच वेळी हा थेंब डोळ्यांत घाला. खंड पडला तर नजर जाईल आणि तुमची होडीही."

भिवाने वेळ निवडली ती अर्थातच संध्याकाळच्या भरतीची. पण भरती कुठे एका वेळेला बांधलेली असते? ती रोज थोडी उशिराच येते. संध्याकाळचा थेंब सरकत सरकत मध्यरात्रीवर गेला. तेव्हा भिवा घोरत असे. मग कितीतरी दिवस बाटलीला हातच लागत नसे, आणि डोळा दुखत नसल्यामुळे त्याचे त्याला काही वाटतही नसे.

पुढच्या तपासणीत डोळ्यांतला वाढलेला दाब थेंबांनी उतरलेला नव्हता. "औषध नेमाने घालता ना?" डॉक्टरांनी विचारले. "तरीही लागू पडत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल."

'हो' अगदी भिवाच्या ओठांवर आले होते. कधी न चुकणारा माणूस तो! पण त्याला आपली होडी आठवली, आणि त्याने मान खाली घातली. "डॉक्टरांनू, मध्यरात्रीच्या भरतीक मी निजान असतंय. औषध घालूचा रवान जाता."

डॉक्टर रागावले नाहीत. "सांगितलंत ते बरं केलंत. गेली ती नजर परत येणार नाही, उरली आहे ती राखू. औषध हेच ठेवा, वेळ तेवढी बदला."

भिवाची बायको सुभद्रा शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "तुमची भरती रोज सरकता. माझो दिवो खय सरकता?"

तेव्हापासून सुभद्राने तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावला, की भिवा डोळ्यांत थेंब घाली आणि डोळे मिटून स्वस्थ बसे. गावाला वाटले, तारी म्हातारपणी भाविक झाला! पलीकडून कोणी कितीही हाका मारल्या तरी तो उठत नसे. पुढे पुढे दिवा दिसला की पैलतीरावरची माणसेच म्हणू लागली, "बसा वायच, भिवाचे डोळे मिटले आसत."

खुंटाच्या बाजूला भिवा आता मान वळवून बघतो. पण होडी अजून तोच चालवतो, आणि खाडीचे दोन्ही काठ त्याला दिसतात.

तात्पर्य: औषधाचा नेम रोज ठरल्या वेळी होणाऱ्या घरच्या कामाला बांधावा, आणि तो चुकलाच तर डॉक्टरांपासून लपवू नये.