मोरीच्या पाण्यावरचा अळू

नदीकाठच्या एका गावात रेवतीबाई पाणी तपासण्याचं काम करत. दूध डेअरीच्या मागची लहानशी खोली ही त्यांची प्रयोगशाळा. शेतात खत भरमसाट पडे, ते जमिनीत मुरून विहिरींत उतरे आणि पाण्यात नायट्रेट वाढे. असं पाणी पोटात गेलं तर तान्हं बाळ निळं पडतं, प्रसंगी दगावतंही. म्हणून गावातल्या बायका बाटलीत पाणी भरून रेवतीबाईंकडे आणत. तपासताना बाटलीतल्या पाण्याला गडद गुलाबी रंग चढला, की बाई सांगत, "हे बाळाला देऊ नका." गाव त्यांचा शब्द मानत असे.

ही तपासणी रेवतीबाई कॅडमियम नावाच्या धातूचे कण वापरून करत. कॅडमियम विषारी असतं. तपासणीनंतर उरलेलं पाणी कॅनमध्ये साठवायचं आणि शहरात नीट विल्हेवाटीसाठी पाठवायचं, असा नियम होता. सुरुवातीला बाईंनी तो पाळला. पुढे कॅन भरू लागले, ते नेणारी गाडी वेळेवर येईना. एकदा त्यांनी थोडं पाणी मोरीत ओतलं. काही झालं नाही. मग त्या रोजच ओतू लागल्या.

एक दिवस त्यांची जुनी मैत्रीण हेमलता शहरातून भेटायला आली. तिने एक छोटी कुपी टेबलावर ठेवली.

"यात एन्झाइम आहे, मक्याच्या पानांतून काढलेलं. कॅडमियमचं काम हेच करतं. रंग तोच येतो, उत्तर तेच मिळतं. फक्त थंड जागी ठेवावं लागतं."

"ठेवू कुठे?" रेवतीबाई म्हणाल्या. "आणि माझा हात जुन्या पद्धतीवर बसलाय गं."

भिंतीपलीकडे डेअरीचं शीतकपाट दिवसभर घुरघुरत होतं. हेमलताने तिकडे पाहिलं. कुपी ठेवून ती निघून गेली.

श्रावणात शेजारच्या गोदाक्का झाकलेलं ताट घेऊन आल्या. ताटात गरम अळूवड्या होत्या.

"बाई, आधी तुम्हाला. तुमच्या मोरीचं पाणी आमच्या मागच्या वाफ्यात येतं ना, त्यावर अळू बघा कसा माजलाय! पान सुपाएवढं. सूनबाईला पाचवा महिना लागलाय. तिला दुसरं काही गोडच लागत नाही. रोज अळूच मागते पोर."

रेवतीबाईंचा हात ताटापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पालेभाजी मातीतलं कॅडमियम शोषून घेते, हे गावात फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

"अक्का, तो अळू खाऊ नका. त्याला... त्याला कीड लागली असेल."

"कीड? एक पान खाल्लेलं दाखवा!" गोदाक्का हसल्या. "खा हो, लाजू नका."

त्या गेल्या. ताट तसंच राहिलं. रेवतीबाईंना आपल्याच तोंडची थाप ऐकून किळस आली. इतकी वर्षं त्या बायकांना पाण्यातलं विष दाखवत होत्या आणि त्याच बायकांच्या वाफ्यात स्वतः विष सोडत होत्या. वर आता खोटंही बोलल्या होत्या. सून उद्याही अळू खाणार होती. गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. पण गप्प बसवेना.

त्या उठून डेअरीच्या ओट्यावर गेल्या. संध्याकाळचं दूध घालायला बायका जमल्या होत्या. गोदाक्काही होत्या.

"अक्का, अळूला कीड नाही. मी खोटं बोलले," रेवतीबाई म्हणाल्या. त्यांना मान वर करवेना. "माझ्या मोरीतून विषारी पाणी तुमच्या वाफ्यात गेलंय. मीच सोडलंय. बिनविषारी उपाय माझ्या टेबलावर पडून होता. मी कंटाळा केला."

गोदाक्कांनी हातातली किटली खाली ठेवली.

"रोज खात होती हो माझी सून," एवढंच त्या म्हणाल्या आणि दूध न घालताच घरी गेल्या. शिव्या परवडल्या असत्या, असं रेवतीबाईंना झालं.

दुसऱ्या दिवशी त्या गोदाक्कांच्या सुनेला घेऊन शहरातल्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली. विष अंगात फारसं चढलं नव्हतं. अळू लगेच थांबवायला आणि दर महिन्याला तपासणीला यायला त्यांनी सांगितलं. रेवतीबाईंनी वाफ्यातला अळू उपटला, माती खरवडून पिंपात भरली आणि स्वतः उभं राहून ती विषारी कचऱ्याच्या गाडीत चढवली. मोरीचं तोंड बुजवलं. एन्झाइमची कुपी डेअरीच्या शीतकपाटात गेली. हात नव्या पद्धतीवर बसायला आठवडाही लागला नाही. हे लक्षात आलं तेव्हा त्यांना पुन्हा एकदा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पौषात गोदाक्कांना नात झाली. मुलगी धडधाकट होती. थोड्या दिवसांनी गोदाक्का पाण्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत.

"हे तपासा," त्या म्हणाल्या. "आणि तपासून झालं, की हे पाणी टाकणार कुठे, ते आधी सांगा."

रेवतीबाईंनी बाहेर येऊन सगळं सांगितलं: आता त्यात काय घालतात, काय घालत नाहीत, उरलेलं कुठे साठवतात. गोदाक्कांनी ते पूर्ण ऐकलं आणि मगच बाटली त्यांच्या हातात दिली.

तेव्हापासून गावातली प्रत्येक बाई बाटली देण्याआधी हाच प्रश्न विचारते. रेवतीबाई दर वेळी मान खाली घालतात आणि दर वेळी पूर्ण उत्तर देतात.

तात्पर्य: लोकांच्या भल्याचं काम करतो म्हणून आपल्या हातून होणारं नुकसान माफ होत नाही; निर्धोक वाट समोर असताना आळसाने धोक्याची वाट धरणं हाही गुन्हाच, आणि तो कबूल करून निस्तरावाच लागतो.