धक्क्यावरची राखाडी पाटी

खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची गोष्ट. धक्क्यावर टीव्हीसारखा एक रंगीत पडदा होता आणि शेजारी ई-बुक वाचायच्या यंत्रात असतो तसल्या ई-कागदाची राखाडी पाटी. भरती-ओहोटीप्रमाणे बदलणारी लाँचची वेळ रोज सकाळी दोघांवर उमटायची.

“ना रंग, ना उजेड,” पडदा हिणवायचा, “तू चालू तरी आहेस का गं?”

एका भर दुपारी वीज गेली. पडदा काळाठिक्कर पडला. तेवढ्यात सुगंधा तांडेल धापा टाकत आली. पलीकडच्या दवाखान्यात तिची लेक बाळंतपणात अडली होती. पडद्यात तिला स्वतःचाच घामेजलेला चेहरा दिसला. मग नजर पाटीवर गेली. शेवटची लाँच, सव्वादोन. आत्ता तर दोनच वाजले होते.

“गावली गो बाय लाँच!” म्हणत ती मटकन बाकावर बसली.

वीज आल्यावर पडद्याने हळूच विचारलं, “विजेवाचून तुझ्या लक्षात कसं राहिलं?”

“लक्षात ठेवायला वीज कशाला?” पाटी म्हणाली. “मला ती विसरायला लागते.”