गप्प केलेले इंजिन

डोंगराच्या माथ्यावर एक गाव होते आणि त्या गावात एकच मोटार होती. मोटार जुनी, कुठल्याशा शहराने वापरून टाकलेली. पण घाट उतरून खालच्या दवाखान्यात जायला दुसरे काही नव्हते. साप चावलेला माणूस असो की अडलेली बाळंतीण, सगळी त्याच मोटारीतून खाली जात.

वर्षातून एकदा त्याच मोटारीतून देवही जाई. जत्रेच्या दिवशी देवाचा मुखवटा पुढच्या सीटवर बसवून वाड्यावाड्यांवर फिरवायची गावाची रीत होती. पलीकडच्या डोंगरावरचा देव अजून बैलगाडीतून फिरे. गावाला देवापेक्षा याचाच अभिमान जास्त होता.

जत्रा तोंडावर आली आणि ड्रायव्हरला इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले. चढावर गाडीने जोर लावला की आतून कुणी हातोडी मारल्यासारखा आवाज येई. ड्रायव्हर घाबरला. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. मूल आडवे आहे, दवाखाना गाठावाच लागेल, असे सुईणीने आधीच सांगून ठेवले होते. त्याने मोटार गावच्या मिस्त्रीपुढे नेऊन उभी केली.

मिस्त्री आपल्या कामात पक्का होता आणि तसे तो सगळ्यांना सांगतही असे. त्याने इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहिली. तिसरी वायर काढताच ठोका मंद झाला. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवून त्याने मूठ कानाशी धरली आणि बराच वेळ ऐकले.

"तिसऱ्या रॉडचं बेअरिंग झिजलंय," तो म्हणाला. "इंजिन खोलायला लागेल. अशीच पळवलीस तर रॉड तुटून बाहेर येईल."

इंजिन खोलायचे म्हणजे जत्रेला मोटार नाही. बातमी पसरली तसे गाव देवळासमोर गोळा झाले. सरपंचांनी विचारले, देव काय आता बैलगाडीतून न्यायचा? कुणी म्हणाले, जुन्या गाड्या आवाज करायच्याच. बायकोचे दिवस भरलेत म्हणून याला गाडीच्याही कळा ऐकू येतात, असे कुणीतरी म्हटले आणि सगळे हसले. मग सगळ्यांनी मिस्त्रीकडे पाहिले. यंदा मुखवट्याशेजारी बसायचा मान मिस्त्रीचा, हेही सरपंचांनी बोलता बोलता सांगून टाकले.

मिस्त्री एक शब्द बोलला असता तर पुरले असते. त्याचा शब्द गावात कुणी मोडत नव्हते. तो भित्राही नव्हता. त्याला फक्त सगळ्यांचा लाडका राहायचे होते, आणि हे भित्रेपणाहून वाईट.

"दाट ऑइल घालतो," तो म्हणाला. "आवाज जाईल."

"आणि बेअरिंग?" ड्रायव्हरने विचारले.

"जत्रा होऊ दे. मग बघू."

आवाज खरोखरच गेला. देव वाड्यांवर फिरला, मिस्त्रीच्या गळ्यात हार पडले. जत्रा संपली, पण इंजिन खोलायचे नाव कुणी काढले नाही. ड्रायव्हरने काढले तेव्हा मिस्त्रीने त्यालाच विचारले, येतोय का आवाज? नाही ना? मग झालं तर.

एका दुपारी ड्रायव्हरच्या बायकोला कळा सुरू झाल्या. त्याने तिला मोटारीत घातले आणि घाट धरला. घाटाच्या मध्यावर एक चढ लागतो. तोवर ऑइल तापून पातळ झाले होते. ठोका परत आला, आणि ड्रायव्हर गाडी थांबवणार इतक्यात रॉड तुटला आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. सगळे ऑइल रस्त्यावर सांडले.

तो धावत वर गेला, माणसे घेऊन आला. तिला बाजेवर घालून खाली नेऊ लागले. शेवटच्या वळणाआधीच तिचे कण्हणे थांबले. बाळाचा आवाज कुणी ऐकलाच नाही.

गाव पुन्हा देवळासमोर बसले. गाडी तर जत्रेत चांगली चालत होती, सगळ्यांनी पाहिली, मग यानेच वेडीवाकडी पळवली असणार, असे सरपंच म्हणाले. पुष्कळ माना हलल्या. ड्रायव्हर मिस्त्रीसमोर जाऊन उभा राहिला.

"मिस्त्री, तुम्ही ऐकलं होतंत. तेवढं सांगा यांना. बाकी मला काही नको."

मिस्त्रीने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिले.

"माझ्याकडून गाडी गेली तेव्हा तिला आवाज नव्हता," तो म्हणाला.

यात एक अक्षरही खोटे नव्हते. गावाला तेवढे खरे पुरले.

ड्रायव्हर गाव सोडून गेला. काही महिन्यांनी गावाने दुसरी मोटार आणली, तीही जुनीच. तिच्यासाठी नवा ड्रायव्हर ठेवला. हा फार समजूतदार आहे, असे सरपंच सगळ्यांना सांगतात. त्याला कधीच काही ऐकू येत नाही.

या गोष्टीचे तात्पर्य सांगायलाच हवे, कारण ते त्या गावाला अजून कळलेले नाही: बिघाड सांगणाऱ्याला गप्प केले की बिघाड जात नाही, माणसे जातात.