वंशावळीतून पुसलेली भागीरथी

कोकणातल्या एका गावात दिगंबर गोठणकर नावाचे निवृत्त शिक्षक राहत होते. सात वर्षं खपून त्यांनी आपल्या घराण्याची वंशावळ इंटरनेटवर उभी केली होती. नऊशे नावं झाली होती. सोयरीक जुळवायची असो की बारशाला पणजोबांचं नाव हवं असो, सगळे गोठणकर त्यांनाच फोन करत. दिगंबररावांना त्याचं फार सुख होतं.

पुढे काम वाढलं, तशी त्यांनी वंशावळ सगळ्या नातेवाइकांना खुली केली. कुणीही नाव घालावं, कुणीही बदलावं.

बेळगावला राहणारी उज्ज्वला, त्यांच्या थोरल्या चुलतभावाची बायको, उत्साहानं कामाला लागली. तिनं जुने फोटो लावले. माणसांच्या आठवणी लिहिल्या. चुकाही केल्या. दोन भावांच्या बायकांची अदलाबदल झाली. एका ठिकाणी तर मुलगा बापाच्या आधी जन्मला.

तरी नातेवाइकांच्या ग्रुपवर तिचंच कौतुक होऊ लागलं. "वहिनी, फोटो बघून डोळ्यांत पाणी आलं." दिगंबरराव ते वाचत आणि त्यांना घास गोड लागेना. सात वर्षांत त्यांना कुणी असं लिहिलं नव्हतं. तिची चूक सापडली की त्यांना बरं वाटे. लगेच ते ग्रुपवर टाकत, "पुन्हा चूक. माहिती नसल्यास कृपया लिहू नये." तिला फोन मात्र त्यांनी एकदाही केला नाही.

एके सकाळी त्यांना दिसलं, की उज्ज्वलानं त्यांच्या आजोबांच्या शेजारी एक बहीण घातली आहे. नाव भागीरथी.

"माझ्या सख्ख्या आजोबांची बहीण, आणि ती हिला ठाऊक, मला नाही?" दिगंबरराव उसळले. त्यांनी भागीरथी पुसली. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून उज्ज्वलाची त्या महिन्यातली सगळी भर पुसून टाकली.

चार दिवसांनी फोन आला. आवाज म्हातारा होता.

"दिगंबर का? मी द्वारका. भागीरथीची लेक. तुझी आत्या लागते मी."

दिगंबररावांनी घाईनं वंशावळ उघडली.

"माझी आई लहानपणीच विधवा झाली. तिनं दुसरं लग्न केलं, म्हणून माहेरानं तिचं नावच गाळलं. गेल्या आठवड्यात नातीनं मोबाइलवर दाखवलं. भावांच्या रांगेत आई होती! तूच घातलंस ना? देव तुझं भलं करो. पण आज बघते तर नाही. काही बिघडलं का रे?"

"हो, बिघडलं होतं," असं म्हणणं सोपं होतं. नाव परत घालता आलं असतं आणि श्रेयही मिळालं असतं. दिगंबररावांच्या ओठांवर ते वाक्य आलंही.

"आत्या," ते म्हणाले, "नाव उज्ज्वलावहिनींनी घातलं होतं. मी पुसलं. कुणालाही न विचारता."

द्वारकाबाई म्हणाल्या, "आधी तुझ्या आजोबांनी पुसलं. आता तू."

दिगंबररावांनी तसाच बेळगावला फोन लावला. "वहिनी, भागीरथीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सासूबाईंनी, जायच्या आधी. भाऊजी, माझ्या तारखा चुकतात, मला कळतं ते. पण एकदा फोन केला असतात, तर मी तुम्हाला विचारूनच लिहिलं असतं."

पुसलेली सगळी भर परत आणून दोघांनी मिळून ती तपासली. चुका सात निघाल्या. खरी नावं एकेचाळीस. दिगंबररावांनी ग्रुपवर लिहिलं, "भागीरथीआजी वहिनींनी शोधली. मी पुसली होती." लगेच उज्ज्वलावर कौतुकाचा वर्षाव झाला. दिगंबररावांना ते पुन्हा टोचलं. पण या वेळी त्यांनी तिची चूक शोधली नाही.

पुढच्या रविवारी दोघं द्वारकाबाईंकडे गेले. म्हातारीनं चष्मा लावून मोबाइलवर आईच्या नावावर बोट ठेवलं. बराच वेळ ते उचललं नाही. मग दिगंबररावांचा हात धरून ती म्हणाली, "आता तुझं नाव कुठे आहे, तेही दाखव मला."

तात्पर्य: दुसऱ्याची चूक दुरुस्त करण्याआधी त्याला विचारावं. मत्सरानं चुका खोडणाऱ्याच्या हातून खरंही खोडलं जातं.