धोंडीबाची मुक्ता

एका गावात धोंडीबा नावाचा एक भोळा बाप होता. बाप नुकताच झाला होता. भोळा जन्मापासून होता.

उद्यावर लेकीचं बारसं आलं. त्याची बायको सगुणा म्हणाली, "अहो, तुमच्या नावात धोंडा, मामंजींच्या नावात दगड. पोरीला तरी एखाद्या रत्नाचं नाव ठेवू. दामू सोनाराला विचारून या."

दामू सोनार म्हणाला, "मुक्ता ठेव. मुक्ता म्हणजे मोती. समुद्रात, शिंपल्याच्या पोटी जन्मतो."

धोंडीबा धावत आला आणि अंगणातूनच ओरडला, "सगुणा, पोरीचं नाव मुक्ता! आणि ती तुझ्या पोटची नाही हं, शिंपल्याच्या पोटची आहे! सोनार सांगतो!"

शेजारीपाजारी बाहेर आले. सगुणाने कपाळाला हात लावला. "अहो, असं ओरडतात का? कानाशी लागायचं, कुर्र करायचं, मग हळूच सांगायचं."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

मग तिने त्याला आमंत्रणं करायला धाडलं. पाटील न्हाव्यापुढे दाढीला बसले होते. धोंडीबा मागून गेला, पाटलांच्या कानाशी लागला. "कुर्रर्र... उद्या जेवायला या!"

पाटील दचकले. वस्तरा सरकला. अर्धी मिशी गेली.

"अहो, कुणाच्या दारी गेलं की अंगणात उभं राहून खणखणीत हाक मारायची!" सगुणा म्हणाली.

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

दुपारी तो शेजारच्या ठकूकाकूंचा पाळणा मागायला गेला. काकूंचा तान्हा नातू रडून रडून आत्ताच निजला होता. धोंडीबा अंगणात उभा राहिला. "ठकूकाकूऽऽ! पाळणाऽऽ!"

नातू उठला. वासरू दावं तोडून पळालं. काकूंच्या हातून दुधाचं पातेलं पडलं. पाळणा मिळाला, पण शिव्यांसकट.

"अहो, माणूस निजलेलं असलं की पाय न वाजवता आत जावं, हवं ते हळूच उचलावं आणि निघावं!"

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

लेकीसाठी मोत्याच्या बाळ्या सांगून ठेवल्या होत्या, त्या आणायला तो संध्याकाळी गेला. दामू सोनार गादीवर पेंगत होता. धोंडीबा चवड्यांवर आत गेला, डबी उचलली, निघाला. सोनारीण ओरडली, "चोर! चोर!" बाजारातल्या लोकांनी त्याला यथेच्छ बडवलं.

शेवटी सोनारानेच सोडवलं. "अरे धोंडीबा, मोती असा उचलतात होय? दोन मोती उजेडात न्यायचे, निरखायचे. जो जास्त गोल, जास्त पाणीदार, तो घ्यायचा. पाणी असलं की मोती खरा."

"बरं, दामूशेट. पुढच्या वेळी तसंच करतो," धोंडीबा पाठ चोळत म्हणाला.

बारशाला घर भरलं. पाटील आले, ओठावर उपरणं धरून. दामू सोनारही आला. नाव ठेवायला धोंडीबाची थोरली बहीण बयाक्का आली. तिला दिसायचं कमी. ठकूकाकूंचा नातू आपल्या पाळण्याशिवाय निजेना, म्हणून त्यालाही मुलीच्या शेजारीच निजवलं होतं. सारखी दुपटी, सारखी टोपडी.

घुगऱ्यांचं पातेलं उतरवता उतरवता सगुणा म्हणाली, "अहो, आपल्या मुक्ताला वन्संच्या मांडीवर द्या."

धोंडीबाचा ऊर भरून आला. लेकीच्या कामात चूक होऊन चालणार नव्हती. त्याने दोन्ही गाठोडी उचलली, दाराशी उजेडात नेली. नीट निरखली. एक बाळ बारकं, सुरकुतलेलं. दुसरं लाडवासारखं गोल, गाल तुकतुकीत. बारकं त्याने परत पाळण्यात ठेवलं आणि गोल बाळ बयाक्काच्या मांडीवर दिलं.

बयाक्का बाळाच्या कानाशी वाकली. "कुर्रर्र... मुक्ता!"

बायकांनी पाळणा म्हणायला घेतला. तेवढ्यात बाळाने दुपट्यातून पाय झाडले आणि एक धार उंच उडून थेट बयाक्काच्या तोंडावर गेली.

"धोंड्या! अरे मेल्या, हा मुलगा आहे!"

"माझ्या नातवाची मुक्ता केलीन् हो!" ठकूकाकूंनी गळा काढला.

सगुणाच्या हातून घुगऱ्या सांडल्या. घरभर गोंधळ. धोंडीबा तेवढा आनंदाने टाळ्या पिटत होता.

"दामूशेट, बघा! पाणी बघा पाणी! अस्सल मोती आहे!"