दहावी ऋचा

लिहिणं म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्या फार फार जुन्या काळातली ही गोष्ट. देवाचे शब्द तेव्हा पोथीत नसत, माणसाच्या तोंडात असत. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. मग सुलट म्हणायचं, उलट म्हणायचं, शब्दांच्या जोड्या लावून म्हणायचं. म्हणणारा मेला तरी मंत्र मरू नये, म्हणून एवढा आटापिटा.

एका नदीकाठी असाच एक आश्रम होता. त्यांच्याकडे नदीचं स्तोत्र होतं. ऋचा दहा, पण पाठ नऊच. तीन पिढ्यांपूर्वीचे आचार्य दहावी शिकवायच्या आधीच साप चावून गेले. तेव्हापासून नववी संपली की सगळे डोळे मिटून दहा श्वास गप्प बसत. ती दहावीची रिकामी जागा. त्यांचेच काही भाऊबंद कधीकाळी भांडून वर डोंगरात निघून गेले होते, त्यांना दहावी येते असं म्हणत. पण त्यांच्यातलं आता कोण उरलंय, हे कोणालाच माहीत नव्हतं.

आताचे आचार्य ऐंशीला टेकलेले, डोळ्यांनी अधू. त्यांना एकच ध्यास होता. मला अपुरं मिळालं, पण मी अपुरं देऊन जाणार नाही, असं ते रोज सांगत.

आश्रमाच्या कुंपणाला लागून एका कुंभारणीचं घर होतं. चाक फिरवता फिरवता तिला आतलं सगळं ऐकू येई. कोण खोकला, कोणाला बोलणी बसली, सगळं. शेजाऱ्यांकडे कान लावणं वाईट, असं लोक म्हणतात. म्हणू देत. कान लावणारं कोणी नसतं, तर ही गोष्ट आज तुमच्यापर्यंत आलीच नसती.

ती थोरल्या शिष्याला कुंपणावरून चिडवायची, "काय भाऊ, आज तिसऱ्या ऋचेला घसरलात जणू." दाढी पिकलेला तो शिष्य गाल फुगवून म्हणायचा, "बाई, तुम्ही तुमची मडकी सांभाळा."

वैशाखातली एक सकाळ. आत पाठ सुरू झाला होता. एकदा पाठ सुरू झाला की फाटक बंद, हा तिथला नियम. बाहेरचा एक शब्द आत मिसळला, तर पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागे.

फाटकाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. पाय फुटलेले, ओठांवर पापुद्रे. फाटकाच्या फटीतून तिने तिथेच जवळ पाठाला बसलेल्या थोरल्या शिष्याला सांगितलं, "बाबा, मी वरच्या डोंगरातली. तुमची दहावी घेऊन आलेय. आमच्यातली मी एकटीच राहिलेय. आधी घोटभर पाणी दे, घसा सुकलाय, सूर लागायचा नाही."

पाण्याची घागर शिष्याच्या हाताशी होती. म्हातारीचं सगळं बोलणं त्याने ऐकलंसुद्धा नाही. भीक मागायला आलेली दिसतेय, असं त्याने ठरवून टाकलं. ओठांवर बोट ठेवलं, गप्प राहायची खूण केली आणि पाठ फिरवून तो पुन्हा म्हणू लागला. काय म्हणत होता, ऐकायचंय? नदीमाये, तू सगळ्यांची आई, तुझ्या काठून कोणी तहानलेला परत जात नाही. हेच. सुलट, उलट, जोड्या लावून. एक मात्रा हलली नाही, आणि बाहेर म्हातारी उन्हात खाली बसली. हे सांगताना माझा तर तिळपापड होतो.

कुंभारणीचंही चुकलंच. तिने म्हातारीला पाहिलं होतं. पण तिला वाटलं, दार त्यांचं, पाहुणी त्यांची, पाणी तेच देतील. ऊन डोक्यावर आलं तरी घागर हलेना, तेव्हा ती चाक तसंच सोडून मातीच्या हातांनी पाणी घेऊन धावली. म्हातारीच्या गळ्याखाली दोनच घोट उतरले. सूर तर नाहीच लागला. दहावीत काय सांगितलंय तेवढंच तिने कुंभारणीच्या कानात पुटपुटलं आणि तिच्या मांडीवरच मान टाकली.

नऊ ऋचा झाल्या. दहा श्वास गप्प बसून झालं. मग फाटक उघडलं.

काय घडलं ते कळल्यावर आचार्य काठी टेकत कुंभारणीच्या अंगणात आले. आयुष्यात पहिल्यांदाच. हात जोडून म्हणाले, "माय, दहावी सांग."

"मला सूर येत नाही, शब्दही तिच्यासारखे येत नाहीत," ती म्हणाली. "अर्थ सांगते. नदी म्हणते, तुमच्या दारात तहानलेलं कोणी आलं, तर माझं गाणं आहे तिथेच थांबवा. त्याच्या ओंजळीत पाणी ओता. त्या पाण्याचा आवाज हेच माझं पुढचं गाणं."

आचार्यांच्या मागून आलेल्या थोरल्या शिष्याने हळूच विचारलं, की "ओंजळ" शब्दावर स्वर वर जातो की खाली?

कुंभारीण उसळली, "तीन पिढ्या गप्प बसलात ना? मग आज थोडं आणखी गप्प बसा. ती घागर उचला आणि आधी तिच्या तोंडात पाणी घाला. जिवंतपणी नाही घातलंत, आता तरी घाला."

त्याने मान खाली घालून पाणी घातलं.

त्या दिवसापासून आचार्यांनी नियम बदलला. नववी संपली की फाटक उघडायचं आणि येईल त्याला पाणी द्यायचं. ते होते तोवर तो पाळला गेला. पुढे शिष्यांचे शिष्य आले. त्यांना रोज उठून फाटकापर्यंत जायचा कंटाळा आला. नववी संपली की ते पळीभर पाणी जागच्या जागी ताम्हनात सोडू लागले. त्यालाही मंत्र जोडला, सुलट आणि उलट.

फाटक पुन्हा बंद झालं. नदीचं स्तोत्र आजही नऊच ऋचांचं आहे, आणि वाटसरू पाणी प्यायला कुंभारणीच्या घराकडे वळतात.

बोध एवढाच: दारातल्या तहानलेल्यासाठी जो थांबत नाही, त्याचं स्तोत्र कितीही अचूक पाठ असलं तरी अपुरंच राहतं.